तुम्ही विचारलंत म्हणून: दोघींना एकच गोळी कशी?

“मॅडम, पाळी गेल्यावर बायकांना देतात ती हार्मोनची गोळी आणि पुरुषाच्या बाई होतात ते घेतात ती गोळी, दोन्ही एकच असतात म्हणं. खरं काय?”

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं औषधाचं दुकान आहे, आणि तिथे हा प्रश्न मला सारखा येतो. कधी शेजारच्या वहिनी विचारतात, कधी बायकोच्या गोळ्या न्यायला आलेला नवरा, कधी आमच्याच नात्यातलं कुणी लग्नाच्या पंगतीत. काहींना नुसतं कुतूहल असतं. काहींना भीती असते, की मग आपण घेतोय ते औषध ‘तसलं’ आहे काय. काही जण तर रागानेच विचारतात: बायकांचं ठीक आहे, त्यांना गरज असते; ह्यांचं काय? काउंटरला गर्दी असताना उत्तर अर्धंच राहतं. म्हणून आज सगळं लिहिते.

खरं आहे. एकच औषध आहे. चिठ्ठीवर प्रोजिनोवा असो की दुसऱ्या कंपनीचं नाव असो, आत असतं ते इस्ट्रॅडिऑल व्हॅलरेट, एक किंवा दोन मिलिग्रॅम. पोटात गेल्यावर त्याचं इस्ट्रॅडिऑल होतं. बाईच्या अंडाशयात तरुणपणी जे हार्मोन तयार होतं, तेच हे. पुरुषाच्या अंगातही ते थोडं असतंच, जसं बाईच्या अंगात टेस्टोस्टेरॉन असतं. परकं असं त्यात काही नाही.

विचारणाऱ्यांना बहुतेक वेळा आणखी एक गोष्ट माहीत नसते. ही स्ट्रिप माझ्याकडून सगळ्यांत जास्त कोण नेतं? पन्नाशीच्या बायका नव्हेत, ट्रान्स स्त्रियाही (जन्माला मुलगा म्हणून आलेल्या, पण बाई म्हणून जगणाऱ्या) नव्हेत. मूल व्हावं म्हणून उपचार घेणाऱ्या सुना नेतात. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात गोठवलेला गर्भ आत सोडायच्या आधी गर्भाशयाचं अस्तर जाड व्हावं लागतं, त्यासाठी दिवसाला सहा मिलिग्रॅमपर्यंत देतात. दोनची गोळी, तीन वेळा. कधी कधी सासूच चिठ्ठी घेऊन येते आणि अंबाबाईला बोललेल्या ओटीचं सांगत बसते. काही आठवड्यांचाच तो कोर्स असतो हे मान्य, पण सहा मिलिग्रॅम हा आकडा ऐकून त्या घरात कुणी दचकत नाही. ट्रान्स स्त्रीला साधारण दोन ते सहा मिलिग्रॅमच देतात. तिथे मात्र “एवढं?” असं लगेच येतं.

फरक आहे तो औषधाला लावलेल्या कामात. पंचगंगेचं पाणी उसालाही जातं आणि घरातल्या घागरीतही. कुठे किती सोडायचं याचा हिशेब वेगळा. पूर्ण १२ महिने पाळी आली नाही की ती गेली असं म्हणतात, आणि आपल्याकडे बहुतेकींची ४६-४७ च्या आसपास जाते. अंडाशय थकतं, रक्तातलं इस्ट्रॅडिऑल बहुधा २०-३० पिकोग्रॅमच्या खाली येतं. मग अंगातनं वाफा, घामाने भिजलेली उशी, पहाटे तीनला टक्क जाग, लघवीची जळजळ, कोरडेपणा, उगाच डोळ्यांत येणारं पाणी. इथे तरुणपणची पातळी पुन्हा गाठायची नसते. त्रास थांबावा आणि हाडं टिकावीत एवढंच मागणं. एक मिलिग्रॅमवर पुष्कळींचं भागतं.

ट्रान्स स्त्रीच्या बाबतीत मात्र शरीराचा सगळा कारभारच दुसऱ्या हार्मोनकडे सोपवायचा असतो. पुरुषाच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन साधारण ३०० ते १००० नॅनोग्रॅम असतं. ते ५० च्या खाली आणायचं आणि इस्ट्रॅडिऑल १०० ते २०० पिकोग्रॅमच्या दरम्यान ठेवायचं, असं एंडोक्राइन सोसायटी या हार्मोन-तज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. बहुतेकींचं नुसत्या इस्ट्रॅडिऑलने होत नाही, म्हणून सोबत टेस्टोस्टेरॉनला अडवणारी गोळी. स्पायरोनोलॅक्टोन दिलं तर पोटॅशियम तपासत राहावं लागतं. हीच गोळी मी हृदयाच्या पेशंटना रोज देते. सायप्रोटेरॉन दिलं तर डोस लहान ठेवतात, कारण मोठा डोस वर्षानुवर्षं घेतल्यास मेंदूच्या आवरणात गाठ होण्याचा धोका वाढतो.

ट्रान्स पुरुषांबद्दल, म्हणजे जन्माला मुलगी म्हणून आलेल्या पण पुरुष म्हणून जगणाऱ्यांबद्दल, मला कुणी फारसं विचारत नाही. ते टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतात, काही महिन्यांत पाळी थांबते, आवाज फुटतो, दाढी येते. रक्त दाट होत नाही ना, याकडे लक्ष ठेवावं लागतं. आणि पाळी गेल्यावर ज्यांची इच्छाच मावळते, अशा काही बायकांनाही तज्ज्ञ डॉक्टर टेस्टोस्टेरॉन देतात, पुरुषाच्या डोसच्या साधारण दहाव्या हिश्शाने. म्हणजे तिकडेही औषध तेच.

पाळी गेलेल्या बाईने औषध बंद केलं तर वाफा परत येऊ शकतात, हाडांची झीज पुन्हा सुरू होते, पण शरीराचं रूप काही पालटलेलं नसतं. ट्रान्स स्त्रीला तीन ते सहा महिन्यांत छाती येऊ लागते, ती पुरती वाढायला दोन-तीन वर्षं लागतात, आणि मग औषध थांबवलं तरी ती जात नाही. ट्रान्स पुरुषाचा फुटलेला आवाज परत बारीक होत नाही. उलट, ट्रान्स स्त्रीची दाढी गोळीने जात नाही, त्याला लेझर लागतं. आवाजही बदलत नाही, तो सरावाने कमवावा लागतो. मूल हवं असेल तर वीर्य किंवा स्त्रीबीज आधीच गोठवून ठेवण्याचा विचार करावा लागतो. म्हणून सुरुवातीला डॉक्टरांनी नीट बसून चार प्रश्न विचारावेत, समजून घ्यावं, हे मला योग्यच वाटतं. मी बोलते आहे ती सज्ञान, अठरा पूर्ण झालेल्या माणसांबद्दल. विचारणं वेगळं आणि हेलपाटे मारायला लावून माणसाला थकवणं वेगळं, एवढंच म्हणते.

मी स्वतः इस्ट्रॅडिऑलचं जेल लावते. अंघोळीनंतर दंडावर पातळ पसरायचं, वाळेपर्यंत बाही खाली करायची नाही, नातवंडाला लगेच कडेवर घ्यायचं नाही. सासूबाईंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाल्या, “आमी न्हाई सोसलं?” मी गप्प राहिले. पुढे एकदा त्यांनीच सांगितलं, की त्या वयात रात्री उठून परड्यातल्या हौदाचं पाणी त्या डोक्यावरनं ओतून घ्यायच्या आणि घरात कळू नये म्हणून तीच साडी पिळून परत नेसायच्या. घरात अकरा माणसं, आणि एकालाही ठाऊक नव्हतं. सोसलं हे खरं. पण सोसायलाच हवं होतं, असं मला मुळीच वाटत नाही.

“कॅन्सर होतो ना त्यानं?” ही भीती कुठून आली तेही सांगते. अमेरिकेत पाळी गेलेल्या १६,६०८ बायकांवर मोठी चाचणी चालू होती, ती जुलै २००२ मध्ये मध्येच थांबवली. स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण वाढलेलं दिसलं होतं: वर्षाला दहा हजार बायकांमागे आठ जास्त. बातमी जगभर गेली. आपल्याकडे हार्मोनच्या चिठ्ठ्या आधीच थोड्या होत्या, त्याही आटल्या. पण त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, आणि औषध होतं गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजन (इस्ट्रॅडिऑल ज्या गटातलं, तो हार्मोनचा गट), जोडीला प्रोजेस्टेरॉनचं काम करणारं कृत्रिम प्रोजेस्टिन. जोडीच्या दुसऱ्या चाचणीत गर्भाशय काढलेल्या बायकांना नुसतं इस्ट्रोजन दिलं होतं, त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर वाढला नाही. आज साठीच्या आतल्या किंवा पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या, बाकी तब्येत बरी असलेल्या बाईला त्रास खूप असेल तर फायदा जास्त, असंच तज्ज्ञ सांगतात. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेला असेल, पायात रक्ताची गुठळी झालेली असेल, तर गोष्ट वेगळी.

गुठळीच्या बाबतीत या दोन्ही उपचारांना एकच धडा मिळाला. पूर्वी ट्रान्स स्त्रियांना एथिनिल इस्ट्रॅडिऑल द्यायचे, म्हणजे इस्ट्रॅडिऑलचा कृत्रिम भाऊबंद. नेदरलँड्सच्या डॉक्टरांना १९९० च्या दशकात दिसलं, की गुठळ्या होतात त्या मुख्यतः हे घेणाऱ्यांना, त्वचेवरून इस्ट्रॅडिऑल घेणाऱ्यांना क्वचितच. पुढे पाळी गेलेल्या बायकांच्या अभ्यासांतूनही तेच आलं: गोळी आधी यकृतातून जाते आणि रक्त गोठवणारे घटक वाढवते, जेल किंवा पॅच तसं करत नाही. वय वाढलेलं असेल, वजन जास्त असेल, सिगारेट-तंबाखू असेल, तर त्वचेवरूनच घ्या हे मी दोघींनाही सांगते.

आणि हेच एथिनिल इस्ट्रॅडिऑल आजही आपल्या गावात लपूनछपून घेतलं जातं. माला-डी मध्ये तेच असतं. कुटुंब नियोजनाची ही साधी, स्वस्त गोळी ठरल्या मापात चांगलीच आहे. पण खेड्यातून एखादं पोर येतं, मान खाली घालून चार-चार पाकिटं मागतं, आणि मला कळतं की हे बहिणीसाठी नाही. दिवसाला तीन-तीन, चार-चार गोळ्या. कुणी सांगितलं? मैत्रिणीने. डॉक्टरकडे का नाही गेलीस? “सगळ्यांम्होरं नाव पुकारत्यात, मग माणसं बघाय लागत्यात.” एवढ्याने पायात गुठळी होऊ शकते, ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. मी पाकिटं देत नाही, पण नुसतं नाही म्हणून परतही पाठवत नाही. आत बोलावते, पाणी देते, कुठल्या डॉक्टरकडे जायचं ते सांगते. काही जणी जातात, काही परत दिसत नाहीत. त्यांचं काय झालं असेल हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आपलं कोल्हापूर दर वर्षी गाड्या भरभरून सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला जातं. डोईवर देवीचा जग घेतलेल्या, देवीला वाहिलेल्या, साडी नेसलेल्या जोगत्याच्या पाया पडतं, परडीत मीठ-पीठ वाढतं. तेच माणूस दवाखान्याच्या बाकावर येऊन बसलं की शेजारची माणसं सरकून बसतात. हे मला कळत नाही, आणि सोसवतही नाही. २०१९ साली संसदेने केलेल्या कायद्याच्या कलम १५ मध्ये ट्रान्स व्यक्तींसाठी हार्मोन उपचार आणि समुपदेशनाची सोय सरकारने करावी असं लिहिलंय. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या नव्या यादीत, जी २०२२ पासून लागू झाली, लिंगभावाची ही विसंगती मानसिक आजारांतून बाहेर काढली. कागद पुढे गेला. बाक तिथंच आहे.

आणि ‘बायकांना गरज असते’ म्हणता, तर सगळ्या बायकांची गरज तरी आपण कुठे बघितली? हंगामात आपल्या कारखान्यांवर बीडकडच्या ऊसतोड बायका येतात. त्यांच्यात पिशवी काढलेल्या किती, हा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर तिशी-पस्तिशीतच एका रात्रीत पाळी गेल्याचं सगळं दुखणं अंगावर येतं. अशा बाईला निदान पन्नाशीपर्यंत हार्मोन द्यावं, नाहीतर हाडं आणि हृदय दोन्ही लवकर खचतात, असं वैद्यकशास्त्र स्पष्ट सांगतं. पिशवी नसल्याने तिला जोडीला प्रोजेस्टेरॉनही लागत नाही. ते गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर टाळण्यासाठी असतं. म्हणजे तिची चिठ्ठी एका ओळीची. ती एक ओळ लिहिलेली चिठ्ठी घेऊन आलेली ऊसतोड बाई माझ्या दुकानात अजून आलेली नाही.

शस्त्रक्रिया करून अंडकोष काढलेली ट्रान्स स्त्री याच ठिकाणी उभी असते. तिचं शरीर आता बाईचं किंवा पुरुषाचं कुठलंच हार्मोन पुरेसं बनवत नाही. गोळी बंद केली तर तिच्याही अंगातून वाफा निघतात, तिचीही हाडं ठिसूळ होतात. चाळिशी ओलांडलेल्या एकीने मला विचारलं, “ताई, बायका पन्नाशीला थांबत्यात, मग मी कवा थांबवू?” मी सांगितलं, एकदम बंद करू नकोस. थांबायचं असं ठरलेलं वय नाही. वय वाढेल तसा डोस कमी करता येतो, गोळीवरून जेलवर जाता येतं, हाडांची तपासणी करून घ्यायची, बीपी, साखर आणि यकृत बघायचं, छातीत गाठ वाटली तर आपल्यासारखंच लगेच दाखवायचं. ठरवायचं मात्र डॉक्टरांबरोबर, माझ्या काउंटरवर नाही.

तुमच्याही मनात याबद्दल काही असेल तर विचारा, कुणासाठी विचारताय ते मी विचारणार नाही. येताना जुन्या चिठ्ठ्या आणि रक्ताचे रिपोर्ट घेऊन या. दुपारी दोन ते चार दुकानात गर्दी नसते.