उठून बसा म्हटल्यावर

माझा डावा खुबा मोडला 2021 मध्ये आणि उजवा 2024 मध्ये. दोन्ही वेळा बाथरूमच्या दारातच पडले, दोन्ही वेळा कमरेखाली भूल देऊन ऑपरेशन झालं. पण पहिल्या खेपेची आठवण आली की अजून पोटात गोळा येतो.

तेव्हा टेबलावर घेतल्यावर मला म्हणाले, "आजी, उठून बसा." पाय एका जागी असला की कळ जरा दबून राहायची. बसवायला लागले आणि मी किंचाळले. कमरेखालच्या भुलीची सुई पाठीत देतात; पाठीला बाक आला तरच मणक्यांमधली फट मोकळी होते, सुई आत जाते. पण कळ आली की अंग ताठ होतं. सुई हाडाला लागायची, काढायची, परत टोचायची. चार वेळा. "हलू नका, हलू नका." मला हलायचं नव्हतंच हो, कळच मला हलवत होती.

दुसऱ्या खेपेला आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ मॅडम आल्या. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या, बीपी, दमा, कवळी, सगळं विचारून झालं. मी त्यांचा हात धरून म्हटलं, "मला बसवू नका हो." त्या खुर्ची ओढून शेजारी बसल्या. म्हणाल्या, "आधी जांघेत एक इंजेक्शन देऊ, मगच बसवू."

ऑपरेशन थिएटरमध्ये जांघेवर सोनोग्राफीचं गार जेल लावलं आणि पडद्यावर बघत त्यांनी सुई घातली. याला फॅशिया इलियाका ब्लॉक म्हणतात. खुब्याकडच्या आणि मांडीच्या पुढच्या नसा त्याने बधिर होतात. मग त्या वीस मिनिटं थांबल्या. औषध चढायला वेळ लागतोच, आणि घाई केली तर सगळं व्यर्थ. मधूनमधून मांडीला ओला कापूस लावून विचारायच्या, "गार लागतंय?"

नंतर दोघांनी खांदे धरले, एकाने पाय सांभाळला आणि मला सावकाश बसवलं. दुखलं, पण सोसवलं. उशी पोटाशी घट्ट धरून मी हनुवटी छातीला टेकवली. समोर सिस्टर मला धरून उभी. एकदाच टोचलं. थोड्या वेळात पाय गरम झाले, मग जड, मग जाणवेनासे.

घरात कुणाचा खुबा मोडला असेल तर आदल्या दिवशीच भूलतज्ज्ञांना विचारा, बसवायच्या आधी ब्लॉक देणार का. काही पेशंटना तो देता येत नाही. मग शिरेतून दुखणं कमी करायचं औषध देतात, कुशीवर झोपवूनही पाठीत सुई देता येते. 2021 मध्ये असं काही विचारता येतं, हेच मला कुणी सांगितलं नव्हतं.