चार पावले मोजायला शिकताना

नोकरीसाठी डब्लिनला आल्यावर सहकाऱ्यांच्या आग्रहाने मी गेलिक फुटबॉल, म्हणजे हातपाय दोन्ही वापरून खेळला जाणारा आयर्लंडचा पारंपरिक खेळ, खेळू लागलो आणि सात वर्षे क्लबच्या दुय्यम संघात बचावफळीत खेळलो. हा खेळ आजही हौशी खेळाडूंचा आहे. रविवारी डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियमवर 82 हजार प्रेक्षकांसमोर उतरलेला खेळाडू सोमवारी शाळेत शिकवायला जातो. माझ्या गुडघ्याने साथ सोडली, तेव्हा मैदान सुटू नये म्हणून मी पंच व्हायचे ठरवले. पंचांशी सर्वांत जास्त हुज्जत घालणारा मीच असल्याने क्लबात यावर बरीच थट्टा झाली.

मुलांचे सामने घ्यायचे असल्यामुळे आधी पोलिसांकडून पार्श्वभूमीची तपासणी आणि बालसुरक्षेचे प्रशिक्षण झाले, मग नियमांचा अभ्यासवर्ग. चेंडू हातात घेऊन चारपेक्षा जास्त पावले टाकता येत नाहीत, त्याआधी तो चवड्यावरून पुन्हा हातात उडवावा किंवा जमिनीवर आपटावा लागतो, आणि सलग दोनदा आपटता येत नाही, हे मला ठाऊक होतेच. परंतु ती पावले मोजत असतानाच बचावपटूचा हात चेंडूवर पडला की दंडावर, हेही पाहायचे असते, याची जाणीव शिट्टी हाती आल्यावर झाली. खेळाडू म्हणून ज्याला मी निर्दोष बचाव समजत होतो, त्यातला निम्मा फाऊल होता, हे कबूल करणे भाग आहे.

पहिल्याच सामन्यात माझी फजिती झाली. गोलचे तीन गुण आणि आडव्या दांड्यावरून गेलेल्या चेंडूचा एक, असा तेव्हाचा हिशेब असल्याने 2-9 (दोन गोल आणि नऊ सुटे गुण) विरुद्ध 0-15 म्हणजे बरोबरी; माझ्या वहीत मात्र 0-14 होते आणि मी यजमानांना विजयी घोषित करून मोकळा झालो. गोलखांबांजवळचे चार पंच मुख्य पंचाने स्वतःच आणायचे असतात; त्यांतल्या माझ्या मित्राने पांढऱ्या कोटाच्या खिशातून आपली नोंद काढून दाखवली. मी पिवळ्या कार्डाची नोंद करण्यात गुंतलो असताना त्याने एका गुणाचे पांढरे निशाण फडकावले होते. आता मध्यंतराला मी सर्वांच्या नोंदी ताडून पाहतो.

2025 मध्ये पंचांशी वाद घालणाऱ्या संघाविरुद्धची फ्री किक 50 मीटर पुढे नेण्याचा नियम आला. मी तो पहिल्यांदा लावला एका बचावपटूमुळे, आणि आपण फाऊल केलाच नाही असे त्याला किती मनापासून वाटत होते, ते मला त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होते.