मॉनिटर १०८०पी, गेम ४के: सुपरसॅम्पलिंग नीट लावायचं तर

गेममध्ये एखादं जाळीचं कुंपण लांबवर दिसेल अशा जागी उभे राहा आणि माउस अगदी सावकाश फिरवा. जाळीच्या तारा मध्येच तुटतात, मध्येच दुप्पट जाड होतात, आणि नजर जराशी हलली की त्या तुकड्यांची चमचम सुरू होते. सगळ्या सेटिंग्ज अल्ट्रावर असल्या तरी हे होतंच. लांबची तार पडद्यावर जेमतेम पाव पिक्सेल जाड उरलेली असते आणि ग्राफिक्स कार्ड प्रत्येक पिक्सेलच्या मध्यबिंदूवर एकदाच तपासतं, इथे तार आहे की नाही. मध्यबिंदू तारेवर पडला तर अख्खा पिक्सेल तारेचा, नाही तर अख्खा आभाळाचा. कॅमेरा केसभर सरकला की ही उत्तरं पालटतात आणि चमचम दिसते.

याच्यावरचा सगळ्यात सरळ उपाय म्हणजे जास्त ठिकाणी तपासायचं. मॉनिटर १९२० × १०८० पिक्सेलचा (१०८०पी) असला तरी गेम ३८४० × २१६० वर (४के) रेंडर करायचा, म्हणजे तेवढ्या पिक्सेलमध्ये चित्र तयार करायचं, आणि मग दर चार पिक्सेलची सरासरी काढून एक पिक्सेल दाखवायचा. पाव पिक्सेलची तार आता मधूनमधून गायब होण्याऐवजी फिकट पण बरीच सलग दिसते. यालाच सुपरसॅम्पलिंग म्हणतात. एमएसएए (कडांचे दातरे गुळगुळीत करणारी दुसरी पद्धत) फक्त वस्तू ज्यांच्या बनतात त्या त्रिकोणांच्या कडांवर जास्त नमुने घेतं, म्हणजे जास्त ठिकाणी तपासतं, त्यामुळे पानांच्या पारदर्शक पोतावर (वस्तूवर चिकटवलेल्या चित्रावर, म्हणजे टेक्स्चरवर) किंवा ओल्या रस्त्याच्या चकाकीवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. सुपरसॅम्पलिंगमध्ये प्रत्येक नमुन्याचा रंगही नव्याने काढला जातो, म्हणून पानं, गवत, केस, चकाकी सगळंच शांत होतं. शिवाय रिझोल्यूशन वाढलं की कार्ड पोताची जास्त बारकाव्याची प्रत निवडतं. जमिनीवरची खडी, कापडाची वीण लांबूनही उठून दिसते ती यामुळे.

याची किंमत पिक्सेलमध्ये मोजायची. १०८०पी म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल, ४के म्हणजे ८२.९ लाख. काम चौपट. फ्रेमरेट (दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची, म्हणजे फ्रेमची संख्या) अगदी चौथ्या हिश्शावर येतोच असं नाही, कारण प्रोसेसरचं काम आणि वस्तूंची भूमिती रिझोल्यूशनबरोबर वाढत नाही. पण १४४ वरून चाळिशी-पन्नाशीत येण्याची तयारी ठेवा. म्हणून आधी बघायचं ते ग्राफिक्स कार्डाचा वापर. नेहमीच्या रिझोल्यूशनला तो ९७-९९ टक्के असेल तर हातात काहीच शिल्लक नाही. पन्नास-साठ टक्के असेल तर एकतर फ्रेमरेटवर मर्यादा घातलेली आहे किंवा प्रोसेसर अडवतो आहे. दोन्ही वेळी कार्डाची रिकामी ताकद सुपरसॅम्पलिंगला देता येते, आणि ती संपेपर्यंत फ्रेमरेटला धक्का जवळजवळ लागत नाही. जुन्या गेमना हा उपाय इतका मानवतो तो यामुळेच.

ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एन्व्हिडियाने ही सोय डीएसआर (डायनॅमिक सुपर रिझोल्यूशन) नावाने २०१४ साली ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आणली, तिची स्पर्धक एएमडीने त्याच वर्षाअखेर व्हीएसआर (व्हर्च्युअल सुपर रिझोल्यूशन) नावाने. एन्व्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये 'मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज'मधल्या 'ग्लोबल सेटिंग्ज' टॅबवर 'डीएसआर फॅक्टर्स' असतं. तिथे हव्या त्या पटीवर खूण करून 'अप्लाय' केलं की पडदा एकदोनदा काळा होतो आणि गेमच्या रिझोल्यूशन यादीत नवे आकडे दिसू लागतात. एएमडीच्या ॲड्रेनालिन या सॉफ्टवेअरमध्ये डिस्प्लेच्या पानावर व्हर्च्युअल सुपर रिझोल्यूशनचं एकच बटण आहे. पटी निवडता येत नाहीत, ठरावीक रिझोल्यूशन्स मिळतात.

आता सगळ्यात जास्त घोटाळा होतो ती गोष्ट. डीएसआरची पट ही क्षेत्रफळाची पट आहे. ४.०० पट म्हणजे रुंदी दुप्पट, उंची दुप्पट. २.२५ म्हणजे दोन्हीकडे दीडपट, १०८०पीवर २८८० × १६२०. १.७८ म्हणजे २५६० × १४४०. गेमच्या आतला 'रेझोल्यूशन स्केल' मात्र बहुतेक वेळा एका बाजूची पट सांगतो. तिथलं २०० टक्के म्हणजे डीएसआरचं ४.००, आणि १५० टक्के म्हणजे २.२५. दोन्ही एकदम चालू राहिले तर गुणाकार होतो: ४.०० पट डीएसआर आणि आत १५० टक्के म्हणजे नऊपट पिक्सेल. अशा वेळी गेम सुरूच न होणं किंवा दोन-तीन फ्रेमवर रांगणं अगदी साहजिक आहे.

४.०० पटीला मॉनिटरचा प्रत्येक पिक्सेल बरोबर दोन बाय दोनच्या चौकोनातून बनतो. हिशेब स्वच्छ असतो, म्हणून 'डीएसआर स्मूदनेस' थेट ० टक्क्यांवर आणा. मूळचं मूल्य ३३ टक्के असतं. ही सेटिंग म्हणजे गॉशियन धूसरपणा आहे, आणि ४.०० पटीला ३३ वर ठेवणं म्हणजे मिळवलेली धार स्वतःच बोथट करणं. 'डीएसआर लावलं आणि सगळं पुसट झालं' या तक्रारीचं कारण बहुतेकदा इथेच सापडतं.

१.७८ किंवा २.२५ चं तसं नाही. १.७८ मध्ये रेंडर केलेले चार पिक्सेल मॉनिटरच्या तीन पिक्सेलमध्ये कोंबायचे असतात. काहींची वाटणी सारखी होते, काहींची नाही. स्मूदनेस ० वर ठेवलं तर गेममधल्या अक्षरांचा एक उभा दांडा जाड आणि शेजारचा बारीक दिसतो. तो दोष लपवायला धूसरपणा वाढवावा तर पुन्हा पुसट. माझ्या मते साध्या डीएसआरमध्ये ४.०० सोडून बाकी पटी वापरण्यात अर्थ नाही.

मधल्या पटींची खरी सोय डीएलडीएसआरमुळे, म्हणजे डीएसआरच्या डीप लर्निंग आवृत्तीमुळे झाली. जानेवारी २०२२ मध्ये आलेली ही पद्धत एन्व्हिडियाच्या आरटीएक्स कार्डांवरच चालते, १.७८ आणि २.२५ अशा दोनच पटी देते, आणि चित्र लहान करण्याचं काम टेन्सर कोअरवरच्या (कार्डातल्या एआयसाठीच्या खास भागांवरच्या) न्यूरल नेटवर्ककडे सोपवते. २.२५ पटीत साध्या ४.०० पटीच्या आसपासचं चित्र, हा एन्व्हिडियाचा दावा. दगडमाती आणि झाडाझुडपांच्या बाबतीत तो मला पटतो. अगदी बारीक अक्षरांना मात्र साधी ४.०० पटच चांगली. लक्षात ठेवायचं म्हणजे इथे स्मूदनेसचा अर्थ वेगळा आहे. तो धार किती काढायची ते ठरवतो, आणि ० टक्के म्हणजे सगळ्यात जास्त धार. आभाळासमोरच्या फांद्यांभोवती पांढरी कड दिसू लागली तर ५० पासून सुरू करून ८०-१०० पर्यंत वाढवत बघा.

डीएलडीएसआरवर गेमच्या आत डीएलएसएसही (लहान चित्र एआयने मोठं करणारी एन्व्हिडियाची पद्धत) लावता येतं, आणि ही जोडी चमत्कारिक वाटली तरी हिशेब पक्का आहे. २८८० × १६२० वर डीएलएसएस क्वालिटी लावलं की ते दोन तृतीयांश रुंदी-उंचीवर, म्हणजे बरोबर १९२० × १०८० वर रेंडर करतं. मूळ काम मॉनिटरइतकंच. पण डीएलएसएस मागच्या फ्रेममधली माहिती जोडून ते १६२० ओळींपर्यंत नेतं, पोतही त्या मोठ्या आकाराला साजेसे निवडले जातात, आणि मग ते चित्र लहान होतं. चित्र मोठं-लहान करण्याचा थोडा भार पडतो, तेवढाच. कार्ड मध्यम ताकदीचं आणि गेम नवा असेल तर मी हीच जोडी सुचवेन.

एक गैरसमज दूर करायला हवा: ४के वर रेंडर केलं की अँटी-अलायझिंग (कडांचे दातरे घालवणारी एमएसएएसारखी सेटिंग) बंद केलं तरी चालतं. दोन बाय दोनच्या चौकोनात नमुने सरळ रांगांत बसतात. जवळजवळ आडवी कड असेल, उदाहरणार्थ छपराची वळचण, तर तिला दोनच वेगळ्या उंचीचे नमुने भेटतात. म्हणजे पूर्ण, अर्धं आणि रिकामं अशा तीनच छटा. ४ पट एमएसएएचे नमुने तिरके मांडलेले असतात, चारही वेगळ्या उंचीवर, म्हणून त्याच कडेला पाच छटा मिळतात. म्हणजे या एका बाबतीत चौपट मेहनतीचं सुपरसॅम्पलिंग एमएसएएच्या मागे पडतं. गेममध्ये एमएसएए असेल तर २ पट तरी चालू ठेवा. टीएए (मागच्या फ्रेम मिसळून दातरे घालवणारी पद्धत) असेल तर तेही राहू द्या. त्याचा धूसरपणा पिक्सेलच्या मापाचा असतो, आणि पिक्सेलच निम्म्या रुंदीचे झाले की तो डोळ्याला खटकत नाही.

यादीत नवं रिझोल्यूशन दिसत नसेल तर आधी गेम बॉर्डरलेसवर (पूर्ण पडदा व्यापणाऱ्या बिनचौकटीच्या विंडोत) आहे का ते बघा. बॉर्डरलेस विंडो डेस्कटॉपचंच रिझोल्यूशन घेते. एक्सक्लुझिव्ह फुलस्क्रीनचा (पडदा पूर्णपणे गेमच्या ताब्यात देण्याचा) पर्याय नसेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंग्जमध्ये डेस्कटॉपच आधी ३८४० × २१६० वर न्या आणि मग गेम सुरू करा. गेम पडद्याच्या बाहेर सांडत असेल तर त्याच्या एक्झी फाइलच्या प्रॉपर्टीजमधल्या कंपॅटिबिलिटी टॅबवर 'हाय डीपीआय' सेटिंग उघडा आणि स्केलिंगचं काम ॲप्लिकेशनकडे द्या. रिफ्रेश रेटही तपासा. नव्या रिझोल्यूशनला काही गेम गुपचूप ६० हर्ट्झ धरतात. लॅपटॉपचा पडदा प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला जोडलेला असेल तर डीएसआरचा पर्यायच येत नाही. मक्स स्विच (पडदा कोणत्या ग्राफिक्सला जोडायचा ते बदलणारी सोय) असेल तर पडदा थेट एन्व्हिडियावर वळवा.

मेमरीचं गणित वेगळं. ३२ बिटचा एक बफर (एका चित्राइतकी मेमरी) १०८०पीला साधारण ८.३ एमबी घेतो, ४केला ३३ एमबी, आणि आजकालचे गेम असे अनेक बफर एकाच वेळी बाळगतात. व्हीरॅम (ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी) संपला की सरासरी फ्रेमरेट ठीक दिसतो, पण वळताना हिसके बसतात आणि जवळच्या भिंतीचे पोत उशिरा उमटतात. तेव्हा पट कमी करण्याआधी पोतांची सेटिंग एक पायरी खाली आणून बघा.

आरोग्याची पट्टी आणि नकाशा निम्मे झाले असतील तर गेममध्ये यूआय स्केल (पडद्यावरच्या पट्ट्या-अक्षरांचा आकार बदलणारी सेटिंग) शोधा. तो नसेल तर ड्रायव्हरऐवजी आतला रेझोल्यूशन स्केल वापरा. बहुतेक गेममध्ये तो फक्त थ्रीडी चित्र मोठं करतो, अक्षरं जागच्या जागी राहतात.

ड्रायव्हरचं सुपरसॅम्पलिंग खरंच चालू आहे का, याची खात्री करायला गेमच्या स्वतःच्या बटणाने एक स्क्रीनशॉट घ्या आणि फाइलची मापं बघा. ३८४० × २१६० दिसलं तर काम झालं. १९२० × १०८० दिसलं तर पुन्हा त्या बॉर्डरलेसच्या मुद्द्यापासून सुरुवात करा.