तुम्ही विचारलंत म्हणून: साहित्यिकांवर चित्रपट का निघत नाहीत?

मराठीत एवढे थोर साहित्यिक होऊन गेले, मग त्यांच्यावर चित्रपट का काढत नाही? निर्मात्यांसाठी पुस्तके निवडण्याचे आणि हक्कांची कागदपत्रे तपासण्याचे काम मी करत असल्यामुळे हा प्रश्न मला व्याख्यानानंतर, लग्नाच्या पंगतीत, कुठेही विचारला जातो. उत्तर उभ्या उभ्या देण्यासारखे नाही, म्हणून लिहितो.

पैशांची अडचण आहेच, पण ती प्रत्येक चित्रपटाला असते. लेखकाच्या बाबतीतली खरी अडचण निराळी आहे. जन्म, शाळा, लग्न, आजारपण, मानसन्मान यांच्या नोंदी उपलब्ध असतात आणि अशा सार्वजनिक नोंदींच्या आधारे लिहायला साधारणपणे कोणाची परवानगी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1994 च्या एका निकालात स्पष्ट केले आहे. आयुष्य असे हाती येते; वाक्ये येत नाहीत. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षे त्याच्या लेखनाचे हक्क राखीव असतात. जी. ए. कुलकर्णी 1987 साली गेले, म्हणजे हयातीत छापलेल्या त्यांच्या कथा 2047 अखेरपर्यंत परवानगीशिवाय वापरता येणार नाहीत. निधनानंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या पत्रांची मुदत तर प्रकाशनाच्या वर्षापासून मोजली जाते. ही परवानगी न घेता चित्रपट काढला, तर त्यातला लेखक चहा घेतो, भांडतो, सत्कार स्वीकारतो, पण ज्या लेखनासाठी आपण त्याला ओळखतो त्यातली एकही ओळ कानावर पडत नाही. असा चित्रपट मला अर्धवट वाटतो, आणि निर्मात्याला मी तसे सांगतो.

परवानगी मिळाली तरी लिहिणे दाखवायचे कसे, हा पेच उरतोच. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी 1933 मध्ये, दिवसाचे काम उरकून रात्री आणि पहाटे बसून, पाच दिवसांत लिहून संपवली. केवढी विलक्षण घटना! पण कॅमेऱ्यासमोर ती म्हणजे वहीवर वाकलेला एक माणूस. आंघोळीनंतर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणारा मुलगा आणि त्याच्यासाठी दगडावर पदर पसरणारी आई मात्र वाचतानाच डोळ्यांसमोर उभी राहते. आचार्य अत्रे यांनी 1953 साली हे पुस्तकच पडद्यावर आणले आणि त्या चित्रपटाला पहिल्याच वर्षीचे राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. गुरुजी ज्यांना कळले, त्यांतल्या अनेकांना ते त्यांच्या चरित्राआधी या श्याममधून कळले. म्हणून माझा आग्रह असतो की लेखकाकडे जायचे असेल तर आधी त्याच्या पुस्तकातून जावे.

आणि माझे मन विचाराल, तर ते लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रावर आहे. तिथे चरित्र आणि साहित्यकृती वेगळी काढताच येत नाहीत. वडिलांच्या अतिरेकी सोवळ्याने सगळे घर वेठीला धरलेले, पती रेव्हरंड टिळकांनी 1895 साली ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर संसाराची झालेली फाटाफूट, पुढे त्याच घरी मुक्कामाला आलेले बालकवी; हे सगळे ही शाळेत न गेलेली बाई ज्या निर्मळ विनोदाने सांगते, तो विनोद कोणत्याही पटकथाकाराला नव्याने रचता येणार नाही. विजया मेहता यांनी सुहास जोशी यांना घेऊन त्यावर केलेला चित्रपट मला फार प्रिय आहे, तरीही या पुस्तकात दहा-बारा भागांची मालिका सहज मावेल, आणि तीत लक्ष्मीबाईंचे निवेदन त्यांच्याच शब्दांत असले पाहिजे.

त्या 1936 साली गेल्या, त्यामुळे त्यांनी स्वतः छापलेला मजकूर केव्हाच खुला झाला आहे. नव्या आवृत्त्यांमधल्या टिपा, प्रस्तावना आणि इंग्रजी भाषांतरे यांचे हक्क मात्र त्या त्या लेखकांचे असतात. कोणी निर्माता हे वाचत असेल, तर त्याने पटकथेचे काम ग्रंथालयातली जुनी प्रत समोर ठेवूनच सुरू करावे.