तासा तापवायचा कसा

कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटावर शुक्रवारी रात्री एखाद्या हिंदू घराच्या अंगणात, मांडवाच्या कडेला शेकोटी पेटलेली दिसली की समजावं: इथे रविवारी लग्न आहे आणि आज माटीकोर. बायका वाजतगाजत जाऊन माती उकरून आणतात, पूजा करतात, मनसोक्त नाचतात. सोबत तासावाले, म्हणजे तिथला ताशा वाजवणारे, असतातच, आणि शेकोटी त्यांच्यासाठी पेटवलेली असते. बेटावरची हवा दमट. बकऱ्याचं कातडं तो दमटपणा शोषून घेतं आणि सैल पडतं. विस्तवापाशी धरून तापवल्याशिवाय तासा नीट बोलत नाही.

वाद्य आपल्या ओळखीचं आहे. वाडग्यासारखं भांडं, त्यावर ताणलेलं पान (वाजवायचा पडदा), गळ्यात पट्टा आणि दोन काड्या. मात्र ते तिथे महाराष्ट्रातून गेलेलं नाही. 30 मे 1845 रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची, पहिली खेप घेऊन त्रिनिदादला लागलं. 1917 मध्ये ही मजूरभरती बंद झाली. तोवर जवळपास दीड लाख माणसं उसाच्या मळ्यांवर पोचली होती. त्यातली बहुतेक कलकत्त्याहून चढलेली, भोजपुरी आणि अवधी मुलखातली. त्यांच्या तासाला आपल्या ताशाचा चुलतभाऊ म्हणायला हरकत नाही. घराणं एक, पण वाढला वेगळ्या मातीत.

मातीत हे अक्षरशः. आपल्याकडे ताशाचं भांडं तांब्याचं किंवा पत्र्याचं. तिथे जुन्या पद्धतीचं भांडं भाजलेल्या मातीचं असतं, आणि ते घडवणारे कुंभार म्हणजे दिवाळीच्या पणत्या करणारेच. छगुआनसजवळच्या चेस व्हिलेज भागात त्यांच्या भट्ट्या आहेत. भांडं चाकावर उचलतात, तळाशी निमुळतं आणि तोंडाशी रुंद. वाळवायचं सावलीत, हळूहळू. उन्हात घाईने वाळवलं तर तोंडाकडचा पातळ भाग आधी सुकून आकसतो, जाड तळ ओलाच राहतो, आणि मधेच चीर जाते. चीर केसाएवढी असली तरी भट्टीतून काढल्यावर बोटाने टिचकी मारली की कळते: चांगलं भांडं घणघणतं, चीर गेलेलं खरखरतं. तसलं भांडं रंगवून दारात झाड लावायला ठेवावं, त्यावर कातडं चढवण्यात अर्थ नाही.

सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते काठाकडे. काठ एका पातळीत हवा आणि आतून-बाहेरून गुळगुळीत हवा. उलटं भांडं सपाट फरशीवर ठेवून बघावं. डुगडुगलं, तर कातडं एका बाजूला घट्ट आणि दुसरीकडे ढिलं बसणार, आणि मग कितीही तापवा, एकाच पानातून दोन सूर येत राहणार. काठ धारदार राहिला तर कातडं तिथेच कापलं जातं.

कातडं बकऱ्याचं. केस काढण्यासाठी ते भिजत घालतात, मग बोथट पात्याने खरवडतात. धारदार पातं लागलं की न दिसणारा ओरखडा राहतो आणि पान पुढे नेमकं तिथे फाटतं. पाठीच्या कण्याची जाड रेघ पानाच्या बरोबर मधून जाईल असं कातडं धरायचं, म्हणजे दोन्ही बाजूंना जाडी सारखी येते. पुढे वाजणाऱ्या तासाला पातळ कातडं, साथीच्या तासाला जरा जाड. ओलं कातडं कड्यावर दुमडून भांड्याच्या तोंडावर बसवतात आणि दोरीने तळाच्या कड्याशी आवळतात. आवळताना एकामागोमाग एक वेढा ओढत जायचं नाही. एक ओढला की त्याच्या समोरचा ओढायचा, नाहीतर पान एका अंगाला सरकतं. ओलं असताना ताण बेताचाच ठेवायचा, कारण वाळताना कातडं आपोआप आकसतं आणि उरलेला ताण स्वतःच घेतं.

आता शेकोटी. लाकूड कोरडं हवं. ओल्या लाकडाच्या धुराने पान काळं पडतं आणि ऊब मात्र मिळत नाही. पुठ्ठे, वर्तमानपत्रं टाकून जाळ धरवतात, पण पुठ्ठ्याचा जाळ एकदम भडकतो आणि तेव्हाच पानं जातात. तासे आगीभोवती कडेवर उभे करायचे, पानाचं तोंड विस्तवाकडे, हातभर अंतरावर. थोड्या थोड्या वेळाने फिरवायचे, म्हणजे खालची बाजू भाजून वरची थंड राहणार नाही. भांडंही सावकाश तापू द्यावं. पावसाळी दिवसात मातीत ओल असते, ती झटक्यात तापली तर भांडंच तडकतं.

किती तापवायचं हे कानावर. काडीने हलकेच ठोकत राहायचं. सुरुवातीला ‘ढब’ असा बसका आवाज येतो. कातड्यातला ओलावा निघून जातो, तंतू आकसतात, ताण वाढतो आणि आवाज चढत जाऊन शेवटी कोरडा, टणक ‘टण्ण’ येतो. तो आला की लगेच बाजूला घ्यायचं. आणखी थोडं चढवू म्हणून ठेवलेला तासा पहिल्याच जोरकस काडीला फाटतो, आणि फाटलेलं पान शिवून चालत नाही. वाजवायला घेतल्यावर सूर पुन्हा उतरू लागतो. रात्र चढेल तसं दव वाढतं, उताराही वाढतो. म्हणून चांगल्या ताफ्याकडे तासे जास्तीचे असतात: काही गळ्यात, काही आगीपाशी. एक पोरगा केवळ शेकोटी सांभाळायला असतो आणि बहुतेक जण तासा तिथूनच शिकतात. वाजवण्याआधी कान तयार होतो. ही मला या परंपरेतली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते.

म्हणूनच नट-बोल्टच्या तासाबद्दल माझं मन दुभंगलेलं आहे. धातूचं भांडं, प्लास्टिकचं पान, भोवती कडं आणि बोल्ट. पान्याने पिळलं की सूर चढला. पाऊस आला तरी चिंता नाही, आवाज मोठा आणि धारदार, रात्रभर तोच सूर. लग्नाची सुपारी घेणाऱ्या ताफ्याला हे सोयीचं आहे आणि त्यात काही गैर नाही. पुण्यातही चामडं जाऊन फायबरचं पान आलं ते याच कारणांनी: भाद्रपदातला पाऊस आणि तासन्‌तास चालणारी मिरवणूक. पण मातीच्या भांड्यातून तापलेल्या कातड्याचा जो भरीव सूर येतो, त्याला छातीत उतरणारं एक अंग असतं. प्लास्टिकचा आवाज कानाशीच थांबतो. दोन्ही एका ताफ्यात मिसळू नयेत. प्लास्टिकचा तासा कातड्याच्या साथीला झाकून टाकतो आणि मग सगळे उगाच जोर लावत बसतात.

ताफा किमान चौघांचा. पुढचा तासा म्हणजे ‘कटर’. तो हुकूम देतो, कडकडाट करतो, ठेक्याला आडवं जातो. साथीचा तासा म्हणजे ‘फूले’, ठेका धरून ठेवणारा. एक असतो, बऱ्याचदा दोन. तिसरा ‘बास’: लाकडी ओंडका कोरून केलेला दोन तोंडांचा मोठा ढोल. एका बाजूला काठी, दुसरीकडे उघडा हात. हाताची बाजू नीट वाजली तर बास नुसता धमधमत नाही, बोलतो. चौथी झांज, पितळेची, जड. तासाच्या काड्यांना तिथे ‘चोप’ म्हणतात. त्या लवचीक असतात आणि टोकाशी गुंडाळून गोळा केलेला असतो, त्यामुळे आपल्या वेताच्या काडीपेक्षा टोला गोल पडतो.

बिघडतं कुठे, तर फूलेमध्ये. नव्या पोराला कटरसारखं तडतडायची हौस असते. त्याने एकदा जागा सोडली की कटरला आडवं जायला काही उरतच नाही, आणि सगळा गोंगाट होतो. चांगले उस्ताद पोराला बराच काळ फूलेवरच ठेवतात ते यासाठी.

तालांना ते ‘हँड’ म्हणतात. पुण्याच्या पथकांत पहिला हात, दुसरा हात म्हणतात, तसंच. कटर एका ठरावीक बोलाने सुरुवात करतो, त्यावरून बाकीच्यांनी ओळखायचं आणि आपापल्या जागी शिरायचं. तोंडाने सांगणं नाही. टिकोरा, नगारा, चौबोला हे जुने. डिंगोले नाचाचा, बेटावरच्या आफ्रिकी वळणाचा वास असलेला. कॅलिप्सो आणि स्टीलबँड या बेटावरच्या संगीतावरून बांधलेले हँडही आहेत. लग्नात वरात दाराशी आली की डिंगोले सुरू होतो आणि मग पोर्ट ऑफ स्पेनहून आलेले आफ्रिकी वंशाचे पाहुणेही जागेवर उभे राहत नाहीत.

होसेचं वाजवणं मात्र निराळं. होसे म्हणजे तिथला मोहरम. पोर्ट ऑफ स्पेनचा सेंट जेम्स भाग आणि दक्षिण टोकाचं सेड्रॉस, इथे तो आजही मोठा होतो. आपल्याकडे ताबूत करतात तसे तिथे ‘ताजा’. बांबू-लाकडाचा सांगाडा, वर कागद, आरसे, चमचमणारा मुलामा. अनेक आठवडे काम चालतं, आणि कारागीर त्या काळात मांस, दारू सोडतात. आधी निशाणांची रात्र, मग छोट्या होसेची, मग मोठ्या होसेची. मोठ्या रात्री लाल आणि हिरवा असे दोन ‘चंद्र’, म्हणजे चंद्रकोरीच्या आकाराचे मोठे सांगाडे, निघतात: लाल हुसेनचा, हिरवा हसनचा. एकेक माणूस तो जड चंद्र खांद्यावर पेलून तासाच्या तालावर गरगर फिरवतो. शेवटी ताजे समुद्रात सोडतात. कूच, युद्ध, दफन, असा प्रत्येक प्रसंगाला वेगळा हँड. दफनाचा हँड संथ असतो, आणि संथ वाजवताना तासाचा सूर उतरलेला अजिबात लपत नाही. त्या दिवशी शेकोटीवाल्याची खरी कसोटी.

30 ऑक्टोबर 1884 रोजी सॅन फर्नांडोमध्ये याच मिरवणुकीवर गोळीबार झाला. वसाहतीच्या सरकारने शहरात शिरायला बंदी केली होती. मळ्यांवरचे मजूर, हिंदू आणि मुसलमान दोन्ही, ताजे घेऊन तरीही आले. अनेक जण मेले, शंभराच्या आसपास जखमी झाले. होसेला हिंदू तासावाले आजही वाजवतात, त्यात तिथे कुणाला नवल वाटत नाही. साताऱ्या-कोल्हापूरकडच्या वाचकांनाही वाटू नये, तिकडच्या मोहरमातही हिंदू असतातच.

त्रिनिदादला जाणं सगळ्यांना जमणार नाही. पण न्यूयॉर्कमध्ये क्वीन्सच्या रिचमंड हिलला किंवा टोरांटोला राहणाऱ्या मराठी मंडळींना तासा जवळ आहे. तिथे कॅरिबियन भारतीयांची मोठी वस्ती आहे. लग्नाच्या हॉलमध्ये शेकोटी करू देत नाहीत, त्यामुळे बहुतेक वेळा नट-बोल्टचाच तासा ऐकायला मिळेल. तरी ऐका, आणि ऐकताना कटरच्या समोर उभं राहू नका. तिथे फक्त कडकडाट पोचतो. फूलेच्या मागे, बासच्या हाताच्या बाजूला जागा धरा. ठेका कुठे धरलाय आणि कटर तो कुठे मोडतोय, हे तिथून पहिल्या पाच मिनिटांत कळतं. ताशावाले असाल तर काड्या सोबत न्या. ताफ्यातल्या एखाद्याने फूले तुमच्या गळ्यात घातला, तर फक्त ठेका धरा.