डोंगरातली एकट्याची चाल: वहीत आता देणीघेणी

या हंगामातली प्रगती सांगायची तर माझा वेग निम्म्यावर आलाय, आणि मी खूश आहे. आधी वहीत उंची, अंतर, लागलेला वेळ एवढंच असायचं. आता प्रत्येक थांब्यावर एकच गोष्ट लिहितो: इथे कोण कोणाकडून काय घेतंय? ‘निसर्गात सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे’ हे वाक्य चढाच्या धापेत फार पटकन सुचतं. पण कोण आणि कशाने हे सांगता येत नसेल, तर ते वहीत उतरवायचं नाही असं ठरवलंय.

एकटं जायचा फायदा इथेच. खडकापाशी अर्धा तास उकिडवं बसलं तरी ‘चला, उशीर होतोय’ म्हणायला कोणी नसतं. (वाट आणि परतायची वेळ मात्र घरी सांगूनच निघतो.)

यावेळी तो अर्धा तास दगडफुलाने खाल्ला. कातळावर राखाडी, कडा मुडपलेलं, पापुद्र्यासारखं कोरडं. दहापटीचं भिंग डोळ्याला लावलं आणि बाटलीतलं थोडं पाणी त्यावर सोडलं. बघता बघता राखाडी रंग ओसरून हिरवा वर आला. वरचा बुरशीचा थर भिजला की पारदर्शक होतो आणि आतलं शैवाल दिसू लागतं. शैवाल उन्हावर साखर बनवतं, बुरशी त्याला आसरा आणि ओल देते. हे दोन जीवांचं बिऱ्हाड आहे असं श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६०च्या दशकात मांडलं, तेव्हा दगडफुलांच्या जाणकारांनीच त्याला उडवून लावलं होतं. २०१६ मध्ये तर अनेक दगडफुलांच्या वरच्या थरात यीस्टही सापडलं. वहीत मी ‘एक दगडफूल’ लिहिलं होतं. ते खोडलं नाही, पण पुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

थोडं वर एका झुडपाच्या कोवळ्या शेंड्यावर मावा (झाडाचा रस शोषणारे बारीक किडे) आणि मुंग्या. मुंगी मिशांनी माव्याला थोपटते, त्याच्या मागच्या टोकाला गोड थेंब येतो, ती पिते. बदल्यात मावा खाणाऱ्यांना हुसकावते. झुडपाला कोणी विचारलेलं नसतं, रस त्याचाच जातो! गुंतलेलं असणं म्हणजे गोडीगुलाबी नव्हे, हेही नोंदवायला हवं.

झाडांच्या पट्ट्यात जरा सावध राहिलो. मुळं आणि बुरशीची भागीदारी पक्की आहे. फ्रांक या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये तिला मायकोरायझा हे नाव दिलं. पण झाडं बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांना जेवू घालतात, निरोप धाडतात, हे जंगलात भक्कमपणे सिद्ध झालेलं नाही. २०२३ मध्ये याच क्षेत्रातल्या तिघांनी तशी टीका केली. म्हणून तो रकाना कोराच.

माथ्यावर फार थांबलो नाही, वारा होता.

पुढच्या खेपेला त्याच दगडफुलाचा पट्टी ठेवून फोटो काढणार आहे. खडकाला घट्ट चिकटलेल्या काही जाती वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाहीत. त्यामुळे आधी मुडपलेल्या कडांची जात वाढते का बघतो, मग चिकटलेलीचा नंबर.