तुम्ही विचारलंत म्हणून: बायोलॉजी की केमिस्ट्री?

"जीवाणूंच्या संवादावर पीएचडी ना? मग तुम्ही नेमक्या कुठल्या, बायोलॉजीच्या की केमिस्ट्रीच्या?" मुलाखतीत विचारतात, परिषदेत जेवणाच्या रांगेत विचारतात. हल्ली पीएचडीला येऊ घातलेली मुलंही विचारतात, वर त्यांच्या प्रश्नाला शेपूट असतं: "असा आंतरविद्याशाखीय प्रोग्रॅम घ्यावा का?" मी "दोन्ही" म्हणून वेळ मारून नेते. आता कंटाळा आला, म्हणून एकदाच सविस्तर.

क्वोरम सेन्सिंग, म्हणजे जीवाणूंनी रेणू सोडून आपली दाटी ओळखणं आणि त्यानुसार एकत्र वागणं. याहून जास्त समजावत बसत नाही, विचारणाऱ्यांना ते ठाऊक असतं. पण हा विषय कधीच एका शाखेत मावला नव्हता, हे मात्र ते विसरतात. दाटी झाल्याशिवाय समुद्री जीवाणू उजेड पाडत नाहीत आणि त्यामागे त्यांनीच माध्यमात सोडलेला पदार्थ असतो, हे नीलसन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज या शास्त्रज्ञांनी १९७० मध्ये मांडलं. त्या पदार्थाची रासायनिक रचना कळायला १९८१ उजाडलं. मग माझ्याच कपाळी एका शाखेत बसण्याचा आग्रह का?

आता तो प्रसंग. मला दोन गाईड होते, मॅडम सूक्ष्मजीवशास्त्राच्या आणि सर रसायनशास्त्राचे. समितीवर शिवाय गणिती मॉडेल करणारे एक प्राध्यापक. माझा जीवाणू आखूड साखळीचा होमोसेरीन लॅक्टोन, म्हणजे त्याचा निरोपाचा रेणू, सोडायचा. तो ओळखायला मॅडमच्या लॅबमध्ये सीव्ही०२६ हा क्रोमोबॅक्टेरियम या जीवाणूचा स्ट्रेन (वाण) होता, तोच आमचा सेन्सर. तो स्वतः हा रेणू बनवत नाही, पण बाहेरून मिळाला की जांभळा होतो. रात्रभर वाढवलेल्या कल्चरचं सुपरनेटंट (पेशी खाली बसवून उरलेलं वरचं द्रव) सकाळी प्लेटवरच्या खड्ड्यात घातलं, तर भोवती जांभळेपणाचा मागमूस नाही. त्याच फ्लास्कमधला नमुना सरांकडे गेला आणि मास स्पेकवर, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर, त्या रेणूचा हा उंच पीक! मॅडम म्हणाल्या, सरांचं उपकरण धुतलेलं नसेल. सर म्हणाले, मॅडमचा सेन्सर मेला असेल. गणिती प्राध्यापकांना दोघांशी देणंघेणं नव्हतं, त्यांना रेणूच्या ऱ्हासाचा एकच आकडा हवा होता. आणि मी नमुन्यांचा बर्फ घेऊन दोन इमारतींमध्ये ये-जा करत होते.

एका संध्याकाळी सरांच्या लॅबमध्ये नुसती बघत बसले. तिथल्या सहकाऱ्यानं नमुना हातात घेतला, थेंब थेंब आम्ल घालून पीएच २ वर आणला, झाकण लावून रात्रभर ठेवून दिला. इथाइल अॅसिटेट, म्हणजे रेणू ओढून घेणारं द्रावक, दुसऱ्या दिवशी. "हे कशाला?" म्हटलं, तर तो म्हणाला, "नेहमीच करतो." मी परत जाऊन सकाळच्या फ्लास्कमध्ये पीएचची पट्टी बुडवली. पीएच आठच्या वर गेला होता. पेप्टोनवर (प्रथिनांच्या तुकड्यांच्या खाद्यावर) वाढणारे जीवाणू अमिनो आम्लं खाऊन अमोनिया सोडतात, आणि अल्कधर्मी माध्यमात लॅक्टोनची रिंग (रेणूतलं कडं) उघडते. उघडलेला रेणू रिसेप्टरला, म्हणजे तो पकडणाऱ्या प्रथिनाला, ओळखू येत नाही. आम्लात रिंग पुन्हा मिटते. म्हणजे फ्लास्कमध्ये संदेश नव्हता हे मॅडमचं खरं, आणि पीक होता हे सरांचंही खरं. आम्ल न घालता नमुना चालवला, तेव्हा जुना पीक जवळजवळ गायब आणि १८ डाल्टन जड असा नवा पीक हजर, म्हणजे पाण्याचा एक रेणू जोडलेला. बफर (पीएच स्थिर ठेवणारं मिश्रण) घातलेल्या माध्यमातलं सुपरनेटंट वापरलं, तर प्लेटही जांभळी झाली.

मला वाटलं, प्रकरण झालं. समितीसमोर मांडलं. सर म्हणाले, "रिंग उघडणं-मिटणं आमच्या बी.एस्सी.च्या मुलांना येतं." मॅडम म्हणाल्या, "हे तंत्राचं झालं, यात जीवशास्त्र कुठंय?" गणिती प्राध्यापकांचा चेहरा पडला, कारण ऱ्हास आता पीएचवर, पीएच वाढीवर आणि वाढ पुन्हा सगळ्यावर अवलंबून. मग अध्यक्षांनी शांतपणे विचारलं, "यात तुमचं स्वतःचं योगदान काय?" तिघांपैकी कोणी तोंड उघडलं नाही. मीही नाही. ते सगळं प्रबंधाच्या परिशिष्टात गेलं.

मला आजही वाटतं की ते परिशिष्टाच्या लायकीचं नव्हतं. त्या खोलीत तीन तज्ज्ञ होते आणि एकानेही दुसऱ्याचा प्रोटोकॉल वाचला नव्हता. वाचणारी मी एकटी. हे योगदान नाही तर काय?

पण तेव्हाची मी इथेच थांबले असते. आताची मला विचारते, यात नवीन काय होतं? रिंगचं रसायन माहीत होतं, पीएच चढतो हेही माहीत होतं. दोन जुन्या गोष्टी एका फ्लास्कमध्ये भेटल्या, एवढंच. आणि एकेका विषयातल्या सखोलतेचं काय? एनएमआर (रेणूची रचना सांगणारे आलेख) मी अजून धास्तावूनच वाचते, अवकल समीकरणं समजतात पण मांडता येत नाहीत. एकाच शाखेत राहिलेल्या मैत्रिणी हातातल्या कसबात माझ्या पुढे गेल्या. हे कबूल करायला मला आवडत नाही, मुलाखतीत तर नाहीच.

तरी परत निवडायची वेळ आली तर? सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रोझमेरी रेडफिल्ड यांनी २००२ मध्ये शंका काढली होती, की हे संभाषण मुळी नसेलच. पेशी शेजाऱ्यांची गणती करत नसेल, आपण सोडलेलं जवळ राहतं की वाहून जातं एवढंच चाचपत असेल. एआय-२ हा निरोपाचा मानला जाणारा आणखी एक रेणू घ्या. तो मिथाइल चक्राच्या, म्हणजे पेशीच्या नेहमीच्या चयापचयाच्या एका भागाच्या, साफसफाईतून निघतो, मग त्याला निरोप म्हणायचं की कचरा? याचं उत्तर नुसत्या जनुकांत नाही, नुसत्या प्रवाहाच्या गणितातही नाही. हे वाद ऐकले की माझा हात आपोआप वर जातो, आणि त्या क्षणी तरी मला कोणी शाखा विचारत नाही.

येऊ घातलेल्या मुलांना एवढंच सांगते: प्रवेश घेण्याआधी दोन्ही गाईडना एकत्र बसवून विचारा, वाद झाला तर तुमचा प्रबंध कोणत्या विभागात तपासला जाईल. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, तर आणखी एकदा विचारा. मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर गेले नसते असंही नाही.